बाबांचा हात, मालकांची प्रयोगशाळा

"यंत्र कोणी बनवलं?"

"मी. आणि माझ्या बाबांनी."

"चूक. परत."

अमरावतीच्या कॅम्प भागातला बंगला. मला वेताच्या खुर्चीवर बसवलं होतं. समोर धाकटे मालक. ते महिन्याभरासाठी अमेरिकेहून आले होते आणि त्या दुपारी व्हिसाच्या अधिकाऱ्याचं सोंग घेऊन बसले होते. मुलाखतीची तालीम चालली होती. आतल्या दारातून त्यांच्या मुली बघत होत्या. माझ्या मागे, बाहेरच्या दाराशी, चपलांच्या रांगेजवळ बाबा उभे होते. त्यांना कोणी बस म्हटलं नाही.

"यंत्र कोणी बनवलं?"

"मी, आणि..."

"चूक."

एक मुलगी हसली. चौथ्या वेळी मी बरोबर उत्तर दिलं. यंत्र सरांच्या जिनिंगच्या प्रयोगशाळेत, सरांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालं. मी तिथे मदतनीस होते.

"शाबास," ते म्हणाले.

हे सगळं इंग्रजीत चाललं होतं. बाबांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. बडनेरा गेल्यावर म्हणाले, "लय भारी बोलली माय तू. थो मालक शाबास म्हने."  मी काय बोलले ते त्यांना सांगितलं नाही.

बाबा अकोल्यात त्याच मालकांच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. कापसाची गाडी फाटकात आली की बोलावणं जाई, "पंजाले बोलवा." पंजा म्हणजे माझे बाबा. त्यांचं नाव तिथे कोणी घेत नसे. ते कोपरापर्यंत हात कापसात घालत, डोळे मिटत, आणि कापूस किती ओला ते सांगत. त्यावर गाडीचा भाव ठरे; ओला म्हटला की भाव पडे. हात कधी चुकत नसे. पण थोरले मालक शेजारी उभे असत. त्यांनी नुसती मान हलवली की बाबा कोरड्या कापसालाही ओला म्हणत. त्या वर्षांत गावागावांतून वाईट बातम्या येत होत्या. बार्शीटाकळीकडचा एक माणूस गाडीवरून उतरून बाबांच्या पाया पडला होता. कोरडा हाये भाऊ, म्हणाला होता. पुढच्या हंगामात त्याची गाडी आली नाही. बाबा घरी आले की हात साबणाने धूत बसत. कापसाला काही मळ नसतो.

एकदा ते म्हणाले, "हात खरं सांगते. खोटं तोंड बोलते. तोंड नसलेलं काही बनवता येते काय तुले?"

मी पॉलिटेक्निकची इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन दुरुस्तीचं दुकान चालवत होते. मी बनवलं. दोन लांब सुया, एक डबी, डबीवर आकडा. सुया कापसात खुपसायच्या, ओलावा दिसतो. सर्किट सोपं होतं. अवघड होतं ते त्याला खरं बोलायला शिकवणं. ते बाबांनी केलं. दोन हंगाम, दर रविवारी, आमच्या मागच्या खोलीत. मी पिशवी पुढे धरायची, बाबा हात घालून सांगायचे, मी वहीत लिहायचं. मग तोच कापूस तोलायचा, तव्यावर मंद आचेने वाळवायचा, पुन्हा तोलायचा. दरवेळी तवा बाबांच्या बाजूने बोलला. मग मी यंत्राचा आकडा त्यांच्या शब्दाला जुळवायची.

मालकांची प्रयोगशाळा ती हीच. एक तवा, एक तराजू, एक हात.

मला ते यंत्र विकायचं नव्हतं, बनवायचं होतं. स्वतःची कंपनी काढून. अकोल्यातल्या बँकेच्या साहेबांनी माझं आडनाव वाचलं आणि सरकारी योजनेच्या रांगेत उभं राहायला सांगितलं. तेव्हा धाकट्या मालकांचा निरोप आला. कंपनी अमेरिकेत काढू, निम्मी तुझी. पण तिथे जायला व्हिसा लागतो, आणि स्वतःच्या कंपनीची मालकीण म्हणून तो मिळत नाही. कंपनीने तुला नोकरीवर बोलावलं पाहिजे. तुझ्या वर कोणीतरी असला पाहिजे, जो तुला कामावरून काढू शकेल. ते हसून म्हणाले, "तो मी."

मी मान्य केलं. नियम नियम आहे, असं वाटलं. मग निम्मी कंपनी चौथाई झाली. मग चौथाईचं पुढे बघू झालं. मग एक दिवस त्यांनी अर्जासाठी ठेवून घेतलेली डबी उलटी करून विचारलं, "हा मागचा स्क्रू फिरवला तर आकडा वर जातो ना?" मी हो म्हणाले. ते स्क्रूकडे बघत राहिले. तिथेच मी उठायला हवं होतं. पण पासपोर्ट आला होता. मी पुस्तकांत बघितलेलं जग त्याच्या कोऱ्या पानांत दिसत होतं.

थंडीत बाबांची छाती भरली. जिनिंगची धूळ तीस वर्षं आत बसली होती. आजारी पडायच्या आधी एकदा कामावरून आले ते खुशीत. मला म्हणाले, "आज मालकानं खुर्ची देल्ली. आफिसात. चा पाजला, माय. कपात."

"काहून?" मी विचारलं.

"तुह्या अर्जासाठी सही पायजे होती म्हने. देल्ली मी."

मी कागद काय होता ते विचारलं नाही. मला घाई होती. आणि त्यांना इतकं खुश मी कधी बघितलं नव्हतं.

बाबा गेले. चौथ्या दिवशी घरात माणसं बसलेली असताना धाकट्या मालकांचा फोन आला. वाईट झालं म्हणाले. मग म्हणाले, "मुलाखतीची तारीख आली आहे. एका अर्थी गुंता सुटला बघ. आता तुझ्या उत्तराला फाटे फोडायला कोणी नाही."

मी फोन घेऊन मागच्या खोलीत गेले. तवा तिथेच होता.

"सर, प्रश्न विचारा."

"कोणता?"

"तालमीतला. परत विचारा."

त्यांना वाटलं, मी तयारी करते आहे. इंग्रजीत विचारलं, यंत्र कोणी बनवलं?

मी मराठीत सांगितलं, "मी आणि माझ्या बाबांनी."

"चूक," ते सवयीने म्हणाले.

"परत विचारा."

त्यांनी विचारलं नाही.  मग आवाज बदलला. "तुझ्या बापाने लिहून दिलं आहे. यंत्र जिनिंगच्या वेळात, जिनिंगच्या सामानावर, आमच्या सांगण्यावरून झालं. सही आहे खाली. कागद आमच्याकडे आहे. व्हिसा नको तर नको. यंत्र तरी तुझं कुठे आहे?"

खुर्चीची किंमत मला तेव्हा कळली. तीस वर्षं उभ्या ठेवलेल्या माणसाला एकदा बसवलं, आणि त्याने आपला हात लिहून दिला. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं. मी तर शुद्धीत, स्पष्ट उच्चारांत, त्यांना पुसून टाकलं होतं. त्यांच्याच देखत. आणि ते अभिमानाने हसले होते. हे ओझं माझं आहे. कोणी ते उतरवू नये.

मुलाखतीला मी गेले नाही.

या हंगामात त्यांच्या जिनिंगच्या फाटकावर तीच डबी बसली आहे. मी बघून आले. कडक ऊन होतं, बाळापूरकडून आलेला कापूस हातात कुरकुरत होता. त्यांचा आकडा त्याला ओला म्हणत होता. स्क्रू फिरला आहे. गाडीवाले मान खाली घालून पावती घेतात. माणसाशी भांडता येत होतं, यंत्राशी कोण भांडणार? बाबांना तोंड नसलेलं काही हवं होतं. मालकांनी त्याला तोंड बसवलं.

मी दुसरी डबी बनवली आहे. हिच्या मागे स्क्रू नाही. आकड्याचा मेळ आत कायमचा बसवला आहे, बाबांच्या वहीप्रमाणे. रोज सकाळी ती घेऊन मी त्या फाटकाबाहेर उभी राहते. जो म्हणेल त्याचा कापूस मोजते आणि आकडा मोठ्याने सांगते. पहिल्या दिवशी दोघं थांबले. आता गाड्या थांबतात. काल फाटकातून दोन माणसं आली, माझ्याकडे बघत उभी राहिली, परत आत गेली. आज वकिलाची नोटीस आली. त्यात बाबांच्या सहीची प्रत जोडली आहे. वाकडी, कष्टाने काढलेली अक्षरं.

उत्तर मी स्वतः लिहायला घेतलं आहे. सोबत वही जोडणार आहे. पहिल्या ओळीत यंत्र कोणी बनवलं ते लिहिलं. बाबांचं पूर्ण नाव, आडनावासकट. त्याखाली माझं.

उद्या सकाळी फाटक उघडायच्या आधी मी तिथे असेन.