व्हय म्हाराजा आणि सहा जणांची टीम

आमच्या कॉलेजात हॅकेथॉन, म्हणजे दोन दिवसांत अ‍ॅप बनवायची स्पर्धा, सुरू झाल्यापासून किती अ‍ॅप बनली आणि त्यातली किती आज चालतात, हे कृपा करून विचारू नका. पण टीम बनतानाचे किस्से विचारा! ते एवढे साठलेत की स्टाफरूममध्ये चहा थंड होतो, किस्से संपत नाहीत.

नियम सोपा. समुद्र, शेती, हवामान यातला एखादा प्रश्न घेऊन माइकवर यायचं, मिनिटभर बोलायचं. ज्यांना पटेल ते त्याच्या बाजूला जाऊन उभे राहतात. टीमला कमीत कमी चार माणसं, जास्तीत जास्त सहा. जेवणाची घंटी होईपर्यंत चार जमले नाहीत तर आयडिया बाद. माइक माझ्याकडे असतो, कारण मी कॉम्प्युटर शिकवतो. घंटी असते कुबल सरांकडे. ते भूगोल शिकवतात आणि नियम पाळतात. बाकीचा वेळ ते इतरांना नियम पाळायला लावतात!

* * *

पहिल्या वर्षी मी म्हटलं, "चला, टीम बनवा!" आणि बघता बघता टीम तयार. मी खूश. पुण्याहून आलेल्या परीक्षक मॅडमपुढे माझी कॉलर ताठ!

जवळ गेलो तर एक टीम अख्खी वैभववाडीची, एक अख्खी फोंडाघाटची.

फोंडाघाटवाल्यांना विचारलं, "तुमच्यात कोडिंग कोणाला येतं?"

"कोणाकच येणा नाय, सर. पण परत जाताना गाडी एकच आसा!"

* * *

उद्घाटनाला आमच्याकडे दीपप्रज्वलनाआधी गाऱ्हाणं होतं. एकाने देवाला साकडं घालायचं, बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. कुबल सरांचा "व्हय" असा खणखणीत की माइकची गरजच नाही.

त्या परीक्षक मॅडमनीही सगळ्यांबरोबर हात जोडले आणि "व्हय म्हाराजा" म्हटलं. मग हळूच विचारलं, "सर, मी नक्की कशाला हो म्हटलं?"

"जां काय मागल्यानी, तां सगळ्याक," कुबल सर गंभीरपणे म्हणाले. "आता मागे फिराक गावचा नाय, मॅडम. देवासमोर म्हटलास!"

मॅडम दोन दिवस जरा जपूनच वागत होत्या.

* * *

दत्तू आणि प्रकाश हे दोघे शाळेपासूनचे जिवलग मित्र. म्हणजे शाळेपासून भांडतायत. आंब्यावरचा रोग फोटोवरून ओळखायचा, हा विषय दोघांचा. पण एका वर्षी चहा यायच्या आत टीम फुटली. दोघांनी वेगवेगळ्या टीम उभ्या केल्या, विषय तोच!

मी म्हटलं, "अरे, विषय एकच, मग एकत्र राहूनच भांडा ना!"

दत्तू म्हणाला, "सर, एका टीमात भांडलाव तर लोक भांडण म्हणतत. दोन टीमांत भांडलाव तर स्पर्धा!"

त्या वर्षी पहिला आणि दुसरा नंबर ह्या दोघांचा. पहिला कोणाचा, यावर अजून भांडतात.

* * *

निरंजन हा पुण्याचा पोरगा, कोडिंगमध्ये एकदम हुशार. गेल्या वर्षी सगळ्या टीम त्याच्या मागे. तो मात्र कसालच्या मुलींच्या टीममध्ये जाऊन बसला. त्यांच्याकडे घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं.

"का रे, इथे का?"

"विषय पटला, सर!"

"काय आहे विषय?"

त्याने तोंडातला घास गिळला. "ते जेवण झाल्यावर सांगणार आहेत."

* * *

आणि आता सानिका.

तिच्या घरची होडी आहे. माशांऐवजी जेलीफिशने जाळं भरलं की वडिलांचे हात सुजतात, आग होते, दिवस फुकट जातो. जेलीफिश दिसले की मच्छीमारांनी फोनवरून कळवायचं, वारा आणि भरती-ओहोटी बघून उद्या ते कुठे सरकतील हे नकाशावर दाखवायचं, ही तिची आयडिया. गेल्या वर्षी ती माइकवर इंग्रजीत बोलली, अडखळली. बाजूला कोणी आलं नाही. आयडिया बाद. यंदा तिचं शेवटचं वर्ष, म्हणजे हीच शेवटची संधी.

यंदाही इंग्रजीच, कागदावर लिहून आणलेलं. सगळे तिच्याआधी बोललेल्या ड्रोनवाल्यांकडे गेले. ती एकटीच उभी. मला फार वाईट वाटलं, पण माइकवाल्याने टीममध्ये शिरायचं नसतं. कुबल सरांनी घंटी हातात घेतली.

"सर, माका परत एकदा बोलाक देशात?"

मी माइक दिला. कुबल सरांकडे बघितलंच नाही.

तिने कागद खिशात कोंबला. चपला काढून बाजूला ठेवल्या. हात जोडले.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

मागच्या रांगेतले उठून उभे राहिले. लॅपटॉप बंद झाले, चपला निघाल्या, हात जोडले गेले.

"आज ह्या हॉलात जमलेली तुझी लेकरां, कोण कुडाळची, कोण पुण्याची, तेंका सगळ्यांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या जेलीफिशीन जाळी भरतत, बापाशीचे हात भाजतत, ह्येच्यार कायतरी उपाय गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हंय जे कोण कोडवाले, नकाशावाले आसत, तेंका आत्ताच्या आत्ता माझ्या टीमात येवची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽऽ!"

छत हाललं! आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

पहिला निरंजन चालत आला. मग दत्तू. दत्तू आला म्हणून प्रकाश. मग ड्रोनवाले, ड्रोनसकट! तिच्या बाजूची रांग दारापर्यंत गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

कुबल सर घंटी हलवत धावत आले. "अगो, सहाच्या वर घेवक येणा नाय! नियम आसा!"

सानिकाने शांतपणे पायात चपला घातल्या.

"सर, सगळ्यांत मोठ्यान 'व्हय' तुमीच म्हटलास. नकाशाकडे बसा."