माहुलच्या मावशीचा रस्ता

१९८४, मे महिन्यातला दुसरा शुक्रवार. मरोळच्या आमच्या घराच्या दारात मी कोलंबी सोलत बसले होते. समोर पाटी उतरवून बसलेली माहुलची मासेवाली मावशी सांगत होती आणि मी हात पुसून पुसून जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी आम्हाला महाडजवळच्या गावी जायचं होतं. सासूबाईंचा धाकटा भाऊ तिथे अंथरुणाला खिळला होता आणि चार वर्षांत दोघांची भेट नव्हती. आदल्या वर्षी निघालो होतो, पण सासूबाईंना गाडी लागते. पनवेलपर्यंत इतक्या उलट्या झाल्या की परतावं लागलं. दर तासाभराने खाली उतरून चार पावलं चालल्या तर त्यांना त्रास होत नाही, हे मला ठाऊक होतं. पण "माझ्यासाठी थांबवू नका" हा त्यांचा हेका, आणि चालू गाडी थांबवणं नवऱ्याच्या जिवावर यायचं. थांबायला दुसरं कारण हवं होतं. बघण्यासारखं काहीतरी.

मावशी सुकी मासळी घेऊन टेम्पोने महाडपर्यंतचे आठवडी बाजार करायची.

"लिव गो बाय. पनवेल सोडला की डाव्या हाताला एका घरावर इमान हाय, सिमिटाचा. त्याच्या पोटात पानी भरतान."

"पाण्याची टाकी का?"

"मंग काय उडवतान?"

पुढे पेणजवळ टायरांचा हत्ती. मग एका शिंप्याचं दुकान, ज्याच्या छपरातून फणसाचं झाड वर गेलंय. तिला वाचता येत नव्हतं, मैलाचे दगड तिच्या कामाचे नव्हते. पण हत्तीची सोंड सायकलच्या ट्यूबांची आहे, शिंपी फणसाच्या फांदीला कात्री टांगतो, हे सगळं तिला पाठ होतं. अशा सात जागा तिने न अडखळता सांगितल्या. मी त्या रस्त्याने लग्नापासून जात होते, मला एकही माहीत नव्हती.

शनिवारी पनवेल सोडलं. तिघंही डावीकडे बघत होतो. डावीकडे वीटभट्टी.

"विमान उडालं वाटतं," नवरा म्हणाला.

पेण मागे पडलं तरी डावीकडे हत्ती काही दिसेना. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला होता.

"कोळणीने तुला कोलंबीबरोबर थापाही विकल्या," नवरा म्हणाला आणि त्याने वेग वाढवला.

सासूबाईंनी पदर काढला. "ती टेम्पोत बसते कुठे गं?"

"मागे, पाट्यांवर."

"तोंड कुठे करून?"

मला आठवलं. मावशीनेच एकदा सांगितलं होतं, समोर तोंड केलं की वाऱ्याने मासळीचा भुगा डोळ्यांत जातो.

"पाठ ड्रायव्हरकडे असणार तिची," सासूबाई म्हणाल्या. "तिचं डावं ते आपलं उजवं."

मी सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेतून पाहिलं. रस्त्याच्या उजव्या कडेला, झोपडीवजा गॅरेजच्या मागे, काळाकुळकुळीत हत्ती. मुंबईकडून येताना तो गॅरेजने झाकला जात होता.

"थांबवा!"

"मागे राहिला ना तो."

"मग गाडी मागे घ्या."

नवऱ्याने कुरकुरत गाडी मागे घेतली. सासूबाई उतरल्या, हत्तीला दोन प्रदक्षिणा घातल्या, त्याचा कान ओढून पाहिला. "शिवलाय हो तारेने, पक्का," म्हणाल्या. दहा मिनिटांनी गाडीत बसल्या तेव्हा चेहऱ्यावर रंग आला होता. त्यानंतर मी मागे तोंड करूनच बसले. शिंप्याच्या फणसाला खरोखर चार फळं लागली होती आणि कात्रीही होती. पुढच्या जागेला तर नवऱ्याने न सांगता ब्रेक मारला.

संध्याकाळी पोचलो. एकही उलटी नाही. भावाने उशीवरून मान वळवली.

"आलीस? मला वाटलं पनवेलवरूनच परत जातेस."

"हत्ती बघत बघत आले रे," सासूबाई म्हणाल्या आणि त्याचा हात धरून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅलेंडरच्या उरलेल्या जागेत यादी खालून वर लिहून काढली. डावं-उजवं मावशीचं होतं तसंच ठेवलं, कारण परतताना आमचंही तोंड तिच्यासारखं मुंबईकडे असणार होतं. राहून गेलेल्या विमानाखाली दोन रेघा मारल्या आणि मावशीसाठी घरामागच्या आगरातले दोन नारळ पिशवीत घातले.