गड्याचं लगन

त्या वर्षी कापसाला उठाव नव्हता आणि दारव्ह्याची टॉकीज दुपारी निम्मी रिकामी असायची. माझ्या शेजारी एक पन्नाशीची बाई एकटीच येऊन बसली. कापूस वेचून तिची बोटं चिरली होती. पदर घसरला तरी तिचं पडद्यावरून लक्ष हलत नव्हतं.

पिक्चर प्रेमाचा होता, विनोदी. नायक-नायिका पुण्याकडचे, शुद्ध बोलणारे. घरगडी तेवढा आपल्याकडचा. तो ‘मले भूक लागली’ म्हणाला की सगळे हसायचे. मीही हसले.

मध्यंतरात तिनं मला विचारलं, “बाई, तो जेवाले मागून राह्यला, तं लोक काहून हासून राह्यले?”

मी हातातली शेंगांची पुडी तिच्यापुढे केली.

“बरं, या गड्याचं लगन होते का शेवटी?”

मी तो पिक्चर दुसऱ्यांदा पाहत होते, तरी मला आठवेना.

शेवटी नायक-नायिकेचं लग्न झालं, दिवे लागले, लोक उठले. ती मात्र हलली नाही.

“थांबा ना,” ती मला म्हणाली, “त्याचं राह्यलं अजून.”

मी पुन्हा खाली बसले. रिकाम्या पडद्याकडे आम्ही दोघी बराच वेळ पाहत होतो.