स्प्रिंगवर विश्वास नसलेले आतोबा

कुणाचा देवावर विश्वास नसतो, कुणाचा डॉक्टरवर. माझ्या आतोबांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा, विश्वास नव्हता तो फक्त स्प्रिंगवर. आणि एवढ्या निष्ठेने अविश्वास पाळणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पन्नासचं दशक सरत आलं होतं. मला बंगलोरला शाळेत नोकरी लागली आणि बेळगावहून ट्रंक घेऊन मी मल्लेश्वरमला आत्याकडे राहायला आले. पहिल्याच रात्री लक्षात आलं, की या घरात स्प्रिंगची खाट नाही, स्प्रिंगचं दार नाही, चावीचं घड्याळ नाही, एवढंच काय, उंदराचा सापळासुद्धा नाही. उंदरांनी त्या घरात जी चैन केली ती त्यांच्या सात पिढ्यांनी केली नसेल. आत्या म्हणायची, "लग्नाआधी माझ्या वडिलांनी मुलाचं सगळं विचारलं गं, फक्त स्प्रिंगचं तेवढं विचारायचं राहिलं."

आतोबा विमानं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात नकाशे काढायच्या कामावर होते. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलं होतं, की रागावले की ते कुठल्या भाषेत रागावले हे त्यांनाच नंतर सांगता येत नसे. स्प्रिंगशी त्यांचं वैर जडलं ते इंजिनापायी. मला बिचारीला जेवताना त्यांनी ते किती वेळा समजावलं असेल! इंजिनाच्या डोक्यात झडपा असतात. एक हवा नि पेट्रोल आत घेते, दुसरी धूर बाहेर सोडते. झडपेला ढकलून उघडतो तो कॅम, म्हणजे एक फिरता, एका बाजूने फुगलेला लोखंडी तुकडा. आणि मिटवते ती स्प्रिंग. इंजिन बेफाम पळू लागलं की स्प्रिंगला धाप लागते, झडप वेळेवर मिटत नाही. "उघडायला हुकूम आणि मिटायला मर्जी?" आतोबा भाताचा घास हातातच धरून विचारत. "हा काय न्याय झाला? मिटायला पण हुकूमच पाहिजे, सरी?" मीही त्यांच्या कानडीत "सरी", म्हणजे बरोबर, म्हणायची. समजलेलं काहीच नसायचं.

तर त्यांना झडप मिटवणारा दुसरा कॅम घडवायचा होता, आणि परसातल्या शेडमध्ये बारा वर्षं तेच चाललं होतं. पहिले कॅम त्यांनी नारळाच्या करवंटीचे केले, मग फणसाच्या लाकडाचे, मग कानशीने घासून पोलादाचे. दोन भाग नेमके कुठे टेकतात हे पाहायला त्यांना निळा रंग लागे, आणि तो ते आत्याच्या कपड्यांच्या निळीतून करत. हीच युक्ती एकदा त्यांनी स्वयंपाकघराच्या दारावर चालवली. पायाखालची फळी दाबली की दार उघडे, पाय उचलला की हुकमाने मिटे. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींच्या धोतराचा सोगा त्यात सापडला. आत्या कपाळाला हात लावून उभी, गुरुजी एका पायावर उभे, आणि आतोबा आनंदाने ओरडतायत, "बघितलं? मिटलं की मिटलं!"

पण हसता हसता मला त्यांच्याबद्दल भीतीयुक्त आदरच वाटू लागला. लाकडी काठीचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ते ऐकत. एकदा थांब्यावर उभ्या बसला त्यांनी अशी काठी लावली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "दुसऱ्या सिलिंडरची झडप भाजलीय अण्णा, यशवंतपूरच्या पुढे जाणार नाही." ड्रायव्हर हसला. बस यशवंतपूरला बंद पडली.

त्यांची स्वतःची चूक मात्र त्यांना काठीने ऐकू आली नव्हती. आपल्या मोटारसायकलच्या इंजिनात त्यांनी बसवलेली नवी झडप सकाळच्या गारव्यात दहा मिनिटं सुरेख चालायची आणि मग इंजिन मलूल व्हायचं. "फट ठेवणं म्हणजे कामचुकारपणा," या बाण्याने त्यांनी भागांमध्ये केसाचीही जागा ठेवली नव्हती. तापलेली झडप लांबत होती आणि पुरती मिटतच नव्हती. हे कळल्यावर दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आत्याच्या पंचांगाचं एक पान फाडून त्या जाडीची फट त्यांनी ठेवली. पान आषाढाचं होतं. "त्यात तसेही मुहूर्त नसतात," ते म्हणाले.

मग त्यांनी आत्याला शब्द दिला. कारखान्यातले मोठे इंजिनियर साहेब रविवारी नंदी डोंगरावर येणार होते. गाडी चढली आणि साहेबांनी पसंत केली, तर नकाशे कारखान्यात जातील. नाही तर शेडला कुलूप, कायमचं. वजन म्हणून साइडकारमध्ये मला बसवलं. साइडकारच्या स्प्रिंगा त्यांनी कधीच काढून टाकल्या होत्या, त्यामुळे बंगलोर ते नंदी डोंगर हे अंतर मला मैलांत नव्हे, मणक्यांत ठाऊक आहे.

पण तो चढ! वळणामागून वळण येत होतं आणि इंजिन न अडखळता, एका सुरात वर वर जात होतं. इतकी वर्षं करवंटीत आणि निळीत चाचपडणाऱ्या या माणसाने हे हातांनी घासून घडवलंय, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला. आतोबांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

माथ्यावर साहेबांनी सगळं बारकाईने पाहिलं. मग मोटारीतून एक इंग्रजी मासिक आणून आतोबांपुढे उघडलं. परदेशातल्या शर्यतीच्या एका मोटारीचं चित्र होतं, आणि शेजारी तिच्या झडपांची आकृती. दोन कॅम. स्प्रिंग नाही. "तुम्ही बरोबर आहात," साहेब हळूच म्हणाले, "पण हे झालेलं आहे. आणि आपल्याकडे तर नुसतं दुरुस्तीचं काम."

मला रडू आलं. आतोबा त्या चित्राकडे कितीतरी वेळ बघत होते. मग मासिक त्यांनी मागून घेतलं आणि गाडी परतीच्या वाटेला लावली. आत्या फाटकात कुलूप घेऊनच उभी होती. तिने माझा चेहरा पाहिला आणि कुलूप पदराआड लपवलं.

"अगं, आणखी एक आहे!" आतोबा गाडीवरून उतरता उतरता ओरडले. त्यांचे डोळे चमकत होते. "माझ्यासारखाच, दूर तिकडे! त्याला पण स्प्रिंग नको झाली! बारा वर्षं मला वाटायचं, असा मी एकटाच."

ते मासिक घेऊन शेडकडे गेले. आत्या नि मी तिथेच उभ्या राहिलो. बारा वर्षं आत्या, आणि अलीकडे मीही, रोज त्यांच्या ताटाशेजारी जेवायला बसत होतो.