टोरांटो ते नागपूर, चौदा तास

सक्करदऱ्याचे विणकर शालिकराम कधी विमानात बसले नाहीत, पण टोरांटो नागपूरहून किती लांब हे त्यांना विचारण्याची सोय नव्हती. न विचारताच सांगायचे. बारा हजार किलोमीटर, चौदा तास. एकुलती एक लेक ऋतुजा नोकरीला तिकडे गेली तेव्हाच त्यांनी मोबाइलला विचारून हे पाठ करून टाकलं होतं. चौदा तास म्हणजे काय, आज बसलं की उद्या घरी, असं ते चहाच्या टपरीवर ऐकवत. तेवढंच पोर दूर गेल्याचं दुःख जरा हलकं व्हायचं.

बायकोला, रुख्माबाईंना, धंतोलीतल्या दवाखान्यात भरती केलं आणि लेकीला बोलावून घ्या, आता फार वेळ नाही, असं डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा शालिकराम आतून खचले. पण पहाटे ऋतुजाचा विमानात बसल्याचा फोन आला आणि त्यांना धीर आला. बोटांवर हिशेब करून त्यांनी बायकोला सांगून टाकलं, संध्याकाळी पोरगी येते. रुख्माबाईंनी नर्सकडून वेणी घालून घेतली.

संध्याकाळ झाली, दिवे लागले, ऋतुजाचा पत्ता नाही. फोनही लागेना. शालिकराम दारापर्यंत चकरा मारून थकले. बायकोला कोणत्या तोंडानं सांगावं तेच त्यांना कळेना. तेवढ्यात लेकीचा मेसेज आला. विमान बदलायला वाटेत दिवसभर विमानतळावर बसून होते, आता दिल्लीचं विमान धरते, तिथेही थांबायचं आहे, उद्या सकाळी पोचते. हे बसणं शालिकरामांच्या हिशेबात नव्हतंच. त्यांनी पडेल आवाजात मेसेज वाचून दाखवला.

रुख्माबाई रागावल्या नाहीत.

"तुमचं नेहमीचंच हाये," त्या सावकाश म्हणाल्या. "चार दिवसांत मागावरून साडी उतरवली म्हणून जगाले सांगत होते. कांड्यांवर सूत कोन भरे, ताणा कोन करे, सुताले खळ कोन लावे? ते दिवस कधी मोजले का तुमी?"

खरं होतं. शालिकराम मागावर बसले की साडी सुरू झाली, असंच त्या घरात धरलं जाई. त्याआधी बायको सुतात राबलेली असे, ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. म्हाताऱ्याला आपली लाज वाटली.

"नाही मोजले," ते म्हणाले. "चुकलंच माह्यं."

"मंग आता बसा गुमान. मी बी थांबतो."

आणि ती बाई थांबली. सकाळी डॉक्टरांनी मंद झालेली नाडी पाहिली आणि शालिकरामांच्या खांद्यावर हात ठेवला. थोड्या वेळानं ऋतुजा बॅग ओढत खोलीत शिरली आणि आईच्या हातावर डोकं टेकून रडायला लागली. शालिकराम तिला दिल्लीहून किती तास लागले ते विचारणार होते. पण रुख्माबाईंनी डोळे उघडले, लेकीचे सुजलेले पाय पाहिले आणि पुटपुटल्या, "किती वेळ बसून होती वं बाई, एकटीच?"

ऋतुजाला परदेशी जाऊन इतकी वर्षं झाली होती. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.