मुक्त खेळाची तालीम

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या बालविकास विभागाची पाहणी करायला समिती आली. विभागाची स्वतःची बालवाडी होती; तिला प्रयोगशाळा म्हणत. समितीला मुक्त खेळ दाखवायचा होता, म्हणून तीन दिवस त्याची तालीम झाली. कोणतं मूल कुठे मुक्तपणे खेळेल, याचा तक्ता भिंतीवर होता.

माझी जागा एकतर्फी काचेमागे; आम्हाला वर्ग दिसे, वर्गाला आम्ही नाही. शेजारी आमच्या मॅडम आणि झेंडूचे हार घातलेले समितीचे तिघे. नियम एकच: निरीक्षकानं वर्गात जायचं नाही, दर दोन मिनिटांनी दिसेल तेवढं लिहायचं. प्रात्यक्षिकाचे गुण त्या वहीवर होते.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी तीन वर्षांची. वडिलांची बदली झाली म्हणून आठवड्यापूर्वी पुण्याहून दिल्लीत, आर. के. पुरमला आलेली. हिंदी येत नव्हती. ती वर्गातल्या दीदीकडे, म्हणजे शिक्षिकेकडे गेली. काचेमागच्या स्पीकरमधून ऐकू आलं, "मला शूला जायचंय."

"अच्छा? बहुत अच्छा! चलो, ब्लॉक्स खेलो," दीदी म्हणाली. तिचं सगळं लक्ष काचेकडे.

मुलीनं पुन्हा सांगितलं. मग पाय आवळून कोपऱ्यात उभी राहिली.

"मॅम, उसे बाथरूम जाना है," मी कुजबुजले.

"आप लिखिए," मॅडम हसू न मोडता म्हणाल्या.

हारवाल्यांपैकी एकानं विचारलं, "ये बच्ची क्या कर रही है?"

"सॉलिटरी प्ले, सर," मॅडम म्हणाल्या. "अकेले खेलना. इस उम्र में बिल्कुल नॉर्मल."

"वाह."

मी लिहिलं: शिक्षिकेशी संवाद साधते. ते खोटं नव्हतं. ११.१०, उभी आहे. ११.१२, उभी आहे. ११.१४ला फ्रॉक ओला झाला होता, तेही लिहिलं. दार चार पावलांवर होतं. मला वाईट वाटलं असणार, आठवत नाही. घड्याळ आठवतं.

समिती चहाला गेल्यावर मी आत गेले. "चल, कपडे बदलूया."

तिनं वर पाहिलं. "तुला येतं असं बोलता?"

"हो."

"मग तू कुठे होतीस?"

"इथेच," मी म्हटलं आणि तिची चड्डी शोधायला लागले.

वहीवर शेरा आला: वस्तुनिष्ठता उत्कृष्ट. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी वर्गात कुणालाच काही सांगेना, मलाही नाही. वर्ष संपेपर्यंत मी ते दर दोन मिनिटांनी टिपत राहिले.