दुर्गाबाईचा डोंगा

दुर्गाबाईला वाटलं होतं, खाण सुटली की आपली पाठ सुटेल. बालाघाटजवळच्या मँगनीजच्या खाणीत तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, टिकारामनं, उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. तो सुरुंगाची भोकं पाडायचा, ती काळा दगड टोपल्यात भरून डोक्यावरून वाहायची. मग टिकारामची छाती खाणीच्या धुळीनं भरली. अंगण ओलांडलं तरी त्याला धाप लागायची. खाणीतून सुट्टी मिळाली ती कायमचीच. दोघं राजेगावच्या अलीकडं, बाघ नदीच्या काठच्या आपल्या गावी परत आले. एकुलती एक लेक लालबर्ऱ्याला दिलेली. घरात ही दोघंच.

दुर्गाबाई दुसऱ्याच्या बांधीत धान कापायला जाऊ लागली. टिकाराम ओट्यावर बसून नदीकडं बघायचा. जातीचा ढीवर, बापानं जन्मभर याच नदीत जाळं टाकलेलं.

दिवाळी सरली आणि एका संध्याकाळी ती कापणीवरून आली, तर खुंट्याला शेळी नव्हती.

"शेळी कुठी गेली?"

"महागूले देली."

"काहून?"

"त्याचा डोंगा घेतला."

डोंगा म्हणजे मासे मारायची लहानशी लाकडी नाव. शेजारच्या महागूची ती नाव दोन पावसाळे काठावर उलटी पडून होती. दुर्गाबाई पायरीवर बसली. भांडायचं म्हटलं तरी अंगात त्राण हवं.

"तुमाले धड उठवत नाई. डोंगा कोन चालवन?"

"पाण्यात धाप लागत नाई," टिकाराम म्हणाला. हे खरं नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही.

भैयालाल सुतार नाव बघायला आला. त्यानं तळाला बोट लावलं, तर बोट आत गेलं.

"वहिनी, ये तो भुसा हो गया," तो म्हणाला. मग बाकीच्या फळ्या ठोकून पाहिल्या. "मांगची फळी गेली. बाकी लाकूड बीजाच्या झाडाचं हाय, पक्कं हाय. फळी मी बसवून देतो. फटी मात्र तुमालेच भरा लागतीन."

फटी भरायच्या तर आधी जुनं डांबर खरवडायला हवं. टिकाराम खुरपं घेऊन बसला. जरा वेळानं त्याला असा खोकला आला की तो नावेला धरून वाकला. दुर्गाबाईनं त्याच्या हातातलं खुरपं घेतलं आणि खरवडायला लागली. मग ते रोजचंच झालं. दिवसभर धान, ऊन कलताना डोंगा.

सडकेच्या कामावरून मागून आणलेलं डांबर तीन दगडांच्या चुलीवर वितळवायचं, त्यात चिंध्या बुचकळायच्या आणि गरम आहेत तोवर छिन्नीनं फटीत ठोकायच्या. धूर टिकारामला सोसत नसे. तो लांबून सांगायचा, "अजून दाब. मांगं राह्यली थोडी." ती दाबायची. घासलेटचा डबा कापून त्याचा पत्रा तिनं एका भेगेवर ठोकला. हाताचं डांबर राखेनं घासूनही जाईना, भाताच्या घासाला त्याचाच वास. खाणीत निदान संध्याकाळी भोंगा व्हायचा, असं तिच्या मनात येई.

टिकाराम बसल्या जागी बापाचं फेकजाळं सांधत असे. मातीच्या गोळ्या भाजून त्यानं त्या जाळ्याच्या कडेला ओवल्या. बोटं भराभर चालायची. त्या बोटांत मात्र दम होता.

सगळं झाल्यावर तो म्हणाला, "आता बुडव."

"मरमर करून जोडला अन् बुडवू?"

"लाकूड फुगते. फटी मिटते."

महागूनं डोंगा उथळ पाण्यात ओढायला मदत केली. तिनं त्यात दगड भरले, पाणी भरलं आणि आपल्या मेहनतीवर खरोखरचं पाणी पडताना काठावर उभं राहून बघितलं.

संक्रांतीनंतर डोंगा वर काढला, उपसला आणि पाण्यात सोडला. तळ कोरडा राहिला. टिकाराम पुढं बसला, दुर्गाबाई मागं; वल्हं त्यानंच घेतलं. काठापासून थोडं पुढं गेले नाहीत तोच धापेनं त्याचे खांदे उडायला लागले. त्यानं वल्हं मागं केलं, तिच्याकडं न बघता. दुर्गाबाईनं ते घेतलं. तिला कुठं येत होतं? डोंगा गरगर फिरला. काठावरच्या बाया खो खो हसल्या. कोणीतरी ओरडलं, "टिकाराम, बायकोले ढीवर केलं का बा?"

"हौ," टिकाराम ओरडला आणि परत खोकायला लागला.

त्यानं बसूनच जाळं फेकलं. ते अर्धंच उघडलं. चार पोटापुरत्या मासोळ्या आल्या.

तो हिवाळा आणि उन्हाळा असाच गेला. ती चालवायची, तो फेकायचा. हळूहळू वल्हं तिच्या हातात सरळ चालू लागलं, गाव हसायचं थकलं. पुढच्या हिवाळ्यात टिकारामला घाट उतरवेना, तेव्हा जाळं फेकायलाही तीच शिकली. तो वर काठावर पिंपळाखाली बसून राही आणि ती परतली की विचारी, कुठं टाकलं, काय लागलं.

चैत्रातली एक दुपार. दुर्गाबाई रिकामी टोपली घेऊन घाट चढून आली. साडीच्या निऱ्या भिजलेल्या, डोळे सुजलेले.

"काईच नाई लागलं?" टिकारामनं विचारलं.

"जाळंच नाई टाकलं."

"काहून?"

तिला सांगायची लाज वाटली. डोहाच्या पलीकडं करंजाच्या सावलीत डोंगा आपसूक थांबला होता. जाळं उशाला घेऊन ती जरा टेकली होती. कोणी हाक मारत नव्हतं, डोक्यावर काही नव्हतं. जागी झाली तेव्हा डोंगा वाहत लव्हाळ्यात जाऊन अडकला होता आणि सावली सरकून ऊन तोंडावर आलं होतं.

"झोपली होती मी," ती म्हणाली. "डोंग्यात."

टिकारामनं टोपली तिच्या हातातून घेतली आणि आपल्याजवळ ठेवली.

"बरं केलं," तो म्हणाला. "बैस."

ती त्याच्या शेजारी पिंपळाच्या मुळावर बसली. घरी सांजेला शिजवायला काही नव्हतं. उठायची घाई दोघांनीही केली नाही.